रॉडचे गाइड एका सुतात कसे आणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात घराच्या गच्चीलगतच्या खोलीत फिशिंग रॉड बांधतो. धंदा नाही, नाद आहे. नवीन बांधणाऱ्यांचे फोन येतात ते बहुतेक एकाच अडचणीपायी: सगळं सामान चांगलं, गुंडाळी सुबक, पण रॉड डोळ्यासमोर धरला की गाइडांची रांग वाकडी. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच जास्त होतात.

गाइड म्हणजे नेमकं काय? अगदी नवीन माणसाला कळेल असं सांगा.

रॉडच्या काठीला, म्हणजे ब्लँकला, ओळीने ज्या कड्या बांधलेल्या असतात ते गाइड. रीलमधून, म्हणजे मुठीजवळच्या चकरीतून, निघालेला तंगूस (गळाला जोडलेला मासेमारीचा धागा) या कड्यांतून टोकापर्यंत जातो. रीलजवळची सगळ्यात मोठी कडी म्हणजे स्ट्रिपर गाइड, मधल्या लहान होत जाणाऱ्या कड्या म्हणजे रनिंग गाइड, आणि टोकावर नळीसारखी घातलेली शेवटची कडी म्हणजे टिप-टॉप. कडीच्या आत सिरॅमिकची गुळगुळीत रिंग असते. तिच्यासाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड हा स्वस्तातला पर्याय आणि सिलिकॉन कार्बाइड महागातला. गाइडला एक किंवा दोन पाय असतात. ते पाय ब्लँकवर ठेवून दोऱ्याने घट्ट गुंडाळायचे आणि वरून इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, थर द्यायचा. स्क्रू नाही, वेल्डिंग नाही. मासा ओढतो तेव्हा सगळा ताण हा दोराच झेलतो.

मासा का गाइड पाहून गळाले लागते का भाऊ? थोडं वाकडं राहिलं तर काय बिघडते?

हा प्रश्न मला ज्यांनी विचारला ते स्वतः तीस वर्षं बांबूच्या काठीवर मरळ काढत आले आहेत. त्यामुळे उत्तर प्रामाणिक दिलेलं बरं: थोडं वाकडं राहिलं तर मासेमारीत काही बिघडत नाही.

हिशेब करून बघा. रनिंग गाइडच्या कडीचा मध्य ब्लँकच्या मध्यापासून साधारण ८ मिलिमीटरवर असतो असं धरा. गाइड २ अंशांनी फिरला तर तो मध्य पाव मिलिमीटरच्या आसपास बाजूला जातो. तंगूसाला त्याचा पत्ताही लागत नाही. स्ट्रिपर गाइड उंच असतो. त्याचा मध्य ३० मिलिमीटरवर असेल तर तेच २ अंश १ मिलिमीटर होतात. तरी कडीच एवढी मोठी असते की तंगूस सुखाने निघून जातो.

बिघडतं ते दहा-पंधरा अंशांनी गेलं की. तंगूस कडीच्या एकाच कडेला घासतो, फेक कमी पडते, आणि मोठा कटला लागल्यावर ओढ ब्लँकच्या मधून न जाता बाजूने जाते, त्यामुळे रॉड हातात पिळायला लागतो.

मग आम्ही अर्ध्या-अर्ध्या अंशासाठी डोळे का फोडतो? कारण डोळा पाव मिलिमीटरची चूक पकडतो आणि एकदा पकडली की सोडत नाही. स्वतः बांधलेल्या रॉडकडे बघताना दरवेळी तिसरा गाइडच दिसत राहतो.

आधी काय बसवायचं? टिप-टॉप की रील सीट?

माझा क्रम ठरलेला आहे: ब्लँकची दिशा, मग रील सीट (रीलचा पाय जिथे बसतो तो मुठीचा भाग), मग टिप-टॉप, आणि शेवटी मधले गाइड, तेही स्ट्रिपरपासून टोकाकडे. कारण सोपं आहे. जे नंतर हलणार नाही ते आधी लावायचं. रील सीट इपॉक्सीने चिकटते, ती एकदा बसली की बसली. टिप-टॉप हॉट-मेल्ट ग्लूने बसवतात, म्हणजे गरम केलं की फिरवता येतं. मधले गाइड तर इपॉक्सी लागेपर्यंत अंगठ्याने ढकलता येतात. जे हलू शकतं त्याने न हलणाऱ्याशी जुळवून घ्यायचं.

बरेच जण टिप-टॉपला प्रमाण मानून रील सीट फिरवतात. तेही चालतं, पण इपॉक्सी सुकायच्या आत सगळं जमवायची घाई होते आणि घाईत रील सीटच्या आतला टेपचा आधार सरकतो. मी ते एकदा केलं आहे, पुन्हा करणार नाही.

रील सीट बसवताना तिच्या खाचेवर विसंबू नका. खरं रील लावून बघा. रीलच्या पायाची दिशा आणि सीटवरच्या खुणेची दिशा यांत फरक निघू शकतो, आणि पुढचं सगळं काम रीलच्या पायाशीच जुळवायचं असतं.

ब्लँकची 'स्पाइन' शोधायची असते म्हणतात. खरंच गरज आहे का?

ब्लँक म्हणजे कार्बनचं किंवा फायबर ग्लासचं कापड निमुळत्या सळईभोवती गुंडाळून, भाजून काढलेली नळी. कापडाची कड जिथे एकावर एक येते तिथे एक बाजू किंचित ताठ होते. बूड जमिनीवर टेकवून, टोकाकडचा भाग तळहातावर धरून मधे दाबलं आणि फिरवलं की ब्लँक एका जागी उडी मारून स्थिरावतो. त्याला स्पाइन म्हणतात.

जुने कारागीर सांगायचे की गाइड स्पाइनवर बसवले नाहीत तर रॉड पिळतो. माझं मत वेगळं आहे. गाइड काठीच्या वर बसवले, जसे बेटकास्टिंग रॉडवर असतात, तर वजन वरच्या बाजूला येतं आणि ताणात रॉड उलटायला बघतो. तो पीळ गाइडच्या जागेमुळे येतो. स्पाइन कुठेही असली तरी तो येणारच. गाइड खाली असलेल्या स्पिनिंग रॉडवर ही भानगड उद्भवतच नाही.

त्यापेक्षा मी ब्लँकचा नैसर्गिक बाक शोधतो. एकही ब्लँक अगदी सरळ नसतो, महागडाही नाही. टेबलावर ब्लँक हळूहळू गडगडवा, किंवा सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून बुडाकडून बघत फिरवा. टोक कुठल्या बाजूला झुकतं ते कळेल. हा बाक वर-खाली या दिशेला येईल असं ब्लँक ठेवायचं. तो डावीकडे-उजवीकडे राहिला तर गाइड कितीही जपून लावा, रांग केळासारखी दिसणार आणि तुम्ही गाइडांना दोष देत बसणार. नवीन माणसाच्या वाकड्या रांगांपैकी निम्म्या इथे सुरू होतात असा माझा अनुभव आहे. बाक खाली ठेवला की टोक किंचित झुकलेलं दिसतं, वर ठेवला की गाइड लागल्यावर त्यांच्या वजनाने काठी सरळ भासते. मी बहुतेक वेळा वर ठेवतो.

किती गाइड लावायचे आणि कुठे?

ढोबळ नियम: जितके फूट तितके गाइड, वर एखादा जास्त, आणि टिप-टॉप वेगळं. सात फुटी रॉडला सात-आठ. टोकाजवळ अंतर कमी, साधारण १० सेंटिमीटर, आणि रीलकडे येताना वाढत जाणारं.

स्पिनिंग रीलवर तंगूस मोठमोठे वेढे घेत सुटतो. ते वेढे एका ठरावीक गाइडपर्यंत आवळले गेले पाहिजेत. त्याची जागा काढायला काही कारागीर एक युक्ती वापरतात: स्पूलच्या, म्हणजे रीलवर तंगूस गुंडाळलेला असतो त्या भागाच्या, व्यासाला २७ ने गुणायचं. स्पूल ४५ मिलिमीटरचं असेल तर १,२१५ मिलिमीटर, म्हणजे स्पूलच्या तोंडापासून सव्वा मीटरच्या थोडं अलीकडे. हा सुरुवातीचा अंदाज आहे. शेवटचा निकाल ब्लँक देतो.

तो निकाल असा काढायचा. गाइड बारीक रबर बँडने किंवा मास्किंग टेपने तात्पुरते बांधा, रॉडची मूठ खिडकीच्या गजांना नीट पकडा, सगळ्या कड्यांतून तंगूस ओवा आणि टोकाकडून खाली ओढा. अर्धा-एक किलोचं वजन टांगलं तरी चालतं, ब्लँकच्या ताकदीनुसार. आता बाजूने बघा. ब्लँकचा बाक आणि तंगूसाची वाट एकमेकांना धरून चालली पाहिजेत. एखाद्या गाइडपाशी तंगूसाचा अचानक कोन झाला असेल तर त्याच्या शेजारचं अंतर जास्त आहे. वरच्या बाजूला गाइड असलेल्या रॉडवर दोन गाइडांमध्ये तंगूस ब्लँकला टेकत असेल तर तिथे एक गाइड वाढवा किंवा दोघांना जवळ आणा. जागा पक्क्या झाल्या की पेन्सिलीने बारीक खुणा करा.

हे काम सरळ रेषेच्या आधी करायचं. गाइड पुढे-मागे सरकवला की तो फिरतोही, आणि जुळवलेली रांग पुन्हा मोडते.

गाइडचे पाय कानशीने घासायलाच हवेत का?

हो. पायाचं टोक चाकूच्या धारेसारखं पातळ व्हायला हवं, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर अलगद चढतो. जाड टोकापाशी दोरा अडखळतो, फट पडते, आणि तिथे ताण द्यायला गेलात की गाइड फिरतो. बारीक कानस घ्या, वरून घासा, मग खालची कड शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने मोडा. खालच्या बाजूला धार राहिली तर ती ब्लँकच्या कार्बनवर ओरखडा पाडते आणि मोठ्या ओढीत ब्लँक नेमका तिथेच तुटतो.

त्याच वेळी गाइड काचेवर ठेवून बघा. पाय टेबलावर सपाट बसतात का? कडी मधोमध उभी आहे का? स्वस्त पाकिटात एखाद-दोन गाइड जन्मतःच तिरळे निघतात. पाय सरळ आणि कडी वाकडी असेल तर जुळवताना कडी सरळ करायची, पाय किंचित तिरका राहिला तरी हरकत नाही. तंगूस कडीतून जातो.

गाइड जुळलेत की नाही, नेमकं कसं बघायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

रॉड हातात धरून बघू नका, हात हलतो. पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांना इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडा आणि त्यांत रॉड ठेवा, रील लावून. गाइड खाली लोंबत असतील अशा अवस्थेत रीलचा पाय अगदी उभा आला पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण इथेच सगळं आहे. रॉड आडवा ठेवला की तो स्वतःच्या वजनाने झुकतो. गाइड उभ्या रेषेत असतील तर हा झुकाव त्याच रेषेत पडतो आणि डोळ्याला फसवत नाही. रॉड जरा कलंडलेला असेल तर झुकाव बाजूला दिसतो, आणि तुम्ही न झालेली चूक दुरुस्त करायला लागता.

मग बुडामागे, एक हात अंतरावर डोळा आणा. एकच डोळा. दुसरा मिटा. चष्म्यात खालचा नंबर वेगळा असेल तर तो काढा किंवा मान अशी ठेवा की एकाच काचेतून दिसेल. चाळिशी लागलेल्यांनो, यात लाज नाही. मी शेवटची तपासणी शेजारच्या बारा वर्षांच्या पोराकडून करून घेतो. तो गल्लीत सगळ्यात चांगला पतंग उडवतो आणि त्याची नजर माझ्यापेक्षा तीस वर्षांनी तरुण आहे.

काय बघायचं? पहिलं, ब्लँकच्या डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येक कडी किती बाहेर डोकावते ते. दोन्ही बाजूंचे तुकडे सारखे हवेत. दुसरं, स्ट्रिपरच्या कडीतून पुढच्या कड्या बघायच्या. त्या एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारख्या दिसल्या पाहिजेत. तिसरं, टोकाकडे जाऊन हेच उलट बघायचं. बुडाकडून सगळं ठीक आणि टोकाकडून वाकडं दिसत असेल तर बहुधा तुमचा डोळा मधोमध नाही, किंवा टिप-टॉपच फिरलेलं आहे.

पाठीमागे पांढरी भिंत किंवा सकाळचं आकाश असू द्या. ट्यूबलाइटखाली हे काम करू नका. वरून एकाच बाजूने प्रकाश आला की ब्लँकच्या एका कडेवर सावली पडते, ती कड बारीक वाटते आणि डोळा मधली रेषा चुकीची धरतो. माझा पहिला रॉड मी रात्री अकराला ट्यूबलाइटखाली जुळवला, समाधानाने झोपलो, आणि सकाळी गच्चीवर नेला तर पाच गाइड एकजात डावीकडे झुकलेले. रात्री प्रत्येक गाइड एकाच चुकीने जुळवला होता. सगळे एकमेकांशी जुळत होते, फक्त रीलशी नाही.

आणि एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर बघू नका. डोळा चुकीला लवकर सरावतो. बघा, मान वळवा, पाणी प्या, परत बघा.

डोळ्यावर भरवसा नाही. मोजमापाची काही पद्धत?

गवंड्याचा ओळंबा. स्ट्रिपर गाइडसाठी मी तीच युक्ती वापरतो. रॉड खोक्यांवर, रील लावलेलं, गाइड खाली. गाइडच्या अगदी शेजारी ब्लँकवरून एक दोरा टाका आणि त्याच्या दोन्ही टोकांना सारखे नट बांधून खाली सोडा. आता ब्लँकच्या दोन्ही कडांवरून दोन उभ्या रेषा खाली आल्या. समोरून बघितलं की कडी या दोन दोऱ्यांच्या बाहेर दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. पंखा बंद ठेवा, नाहीतर दोरा झुलत राहील.

हा प्रकार स्ट्रिपरपुरता ठेवा. लहान गाइडांवर फरक एवढा बारीक असतो की दोऱ्याची जाडीच त्याहून जास्त. स्ट्रिपर ओळंब्याने पक्का करायचा, टिप-टॉप त्याच्याशी डोळ्याने, आणि मधले या दोघांच्या मधे.

लेझर पॉइंटरचं कौतुक पुष्कळ जण करतात. लेझर सरळ जातो, ब्लँक सरळ नसतो. लेझरच्या रेषेत गाइड आणले तर ते ब्लँकवर नागमोडी दिसतात. मला तो खेळणं वाटतो. मोबाइलचा फोटो मात्र उपयोगाचा आहे: जरा मागे सरकून झूम करा, लेन्स बरोबर मधोमध आणा आणि फोटो मोठा करून बघा. फार जवळून काढलात तर मोबाइलची रुंद लेन्स कडेच्या वस्तू वाकवते.

दोरा गुंडाळताना गाइड दरवेळी फिरतो. काय करू?

फिरणारच. ब्लँक फिरवताना ताणलेला दोरा पायावरून जातो आणि पायाला स्वतःच्या ओढीच्या बाजूला ढकलतो. दोन-तीन गाइड बांधले की तुमचा हात किती आणि कुठे ढकलतो हे कळतं. मग गाइड उलट दिशेला केसभर जास्त ठेवून सुरुवात करायची. दोरा त्याला आपोआप जागेवर आणतो.

ताण बेताचा ठेवा. गुंडाळी पूर्ण झाल्यावरही अंगठ्याच्या जोराने गाइड किंचित सरकला पाहिजे, पण नुसत्या स्पर्शाने नाही. फार आवळलं तर दुरुस्तीची वाट बंद होते आणि पायाखाली ब्लँकवरही उगाच दाब येतो. दोन पायांच्या गाइडला एक पाय बांधून झाला की थांबा, रेषा बघा, मग दुसरा बांधा.

दोऱ्याबद्दल: रॉडसाठीचा नायलॉन दोरा ए आणि डी अशा जाडीत मिळतो. हलक्या रॉडला ए पुरतो, जाड तंगूसाच्या दणकट रॉडला डी. साधा रंगीत नायलॉन इपॉक्सी लागल्यावर गडद आणि पारदर्शक होतो, आतला गाइडचा पाय दिसायला लागतो. तसं नको असेल तर कलर प्रिझर्व्हर, म्हणजे रंग टिकवणारा द्रव, आधी लावा किंवा एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर), म्हणजे त्या द्रवाची गरज नसलेला, दोरा घ्या. नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारात भरतकामाचा पॉलिएस्टर दोरा सुंदर रंगांत मिळतो. तो नक्षीसाठी मी वापरतो, पायावर नाही.

टिप-टॉप कोणत्या मापाचं घ्यायचं?

नळीचं माप बऱ्याचदा इंचाच्या चौसष्टाव्या भागात लिहिलेलं असतं. ५ लिहिलं असेल तर ५/६४ इंच, म्हणजे जवळपास २ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरने ब्लँकचं टोक मोजा. नळी सहज सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. ढिलं टिप-टॉप ग्लूने भरून काढलं तर ते तिरकं बसतं.

आपल्या उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

पुष्कळ.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. हॉट-मेल्ट ग्लू मऊ व्हायला तेवढं पुरतं. माझा एक रॉड रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेताना मागच्या काचेखाली ठेवला होता. रामटेकला पोचेपर्यंत टिप-टॉप चाळीसेक अंश फिरलेलं. तिथेच लायटरच्या लांबूनच्या उबेने सरळ केलं आणि संध्याकाळ निभावली. तेव्हापासून रॉड सीटखाली, जुन्या चादरीत. टिप-टॉपसाठी जास्त तापमान सोसणारा ग्लू मिळतो, आपल्याकडे तोच घ्यावा.

इपॉक्सीचंही तेच. दोन भाग समान मापाने, सिरिंजने मोजून, हळूहळू दोन-तीन मिनिटं ढवळायचं. थंड खोलीत जे मिश्रण निवांत वेळ देतं ते दुपारच्या उकाड्यात बघता बघता घट्ट होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ हिशेब इथे लागू पडतो. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे पाचला बसतो आणि दोन-तीन गाइडांपुरतंच मिश्रण करतो.

आणि कूलर बंद. घामाघूम झालात तरी बंद. कूलर ओली हवा फेकतो, सोबत धूळ आणि गवताच्या ताटीची कुसळं. ओलाव्यात इपॉक्सीवर दुधट किंवा चिकट थर येतो, आणि त्यावरचं कुसळ जन्मभर दिसत राहतं. डिसेंबरात उलट अडचण: इपॉक्सी मधासारखी जाड होते. बाटल्या कोमट पाण्यात पाच मिनिटं उभ्या करा.

इपॉक्सी सुकताना रॉड फिरवायला मोटर लागते?

लागते, नाहीतर थर खाली ओघळतो. मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी छोटी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि काम चोख करते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा. ती बऱ्याचदा सरळ २३० व्होल्टवर चालते, तेव्हा जोडणी वायरमनकडून करून घ्या. मोटर नसेल तर पहिले दोन-तीन तास दर काही मिनिटांनी अर्धा फेरा हाताने. सिनेमा लावून बसा. पूर्ण कडक व्हायला एक दिवस तरी हात लावू नका.

दोन तुकड्यांच्या रॉडचं काय? मोटारसायकलवर सात फुटी काठी नेता येत नाही.

आधी दोन्ही तुकडे वापरताना घालाल तेवढेच घट्ट जोडा, मग गाइड जुळवा. जुळले की सांध्याच्या दोन्ही बाजूंना, गाइडच्या रेषेवर, एकेक ठिपका द्या आणि तो इपॉक्सीखाली घ्या. पुढे प्रत्येक वेळी ठिपका ठिपक्याला लागला की रांग आपोआप सरळ. तुकडे वेगवेगळे जुळवून मग जोडले तर जमत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःचा बाक असतो.

बांबूच्या काठीला गाइड लावता येतील का?

येतील, आणि मला हा प्रश्न फार आवडतो. आपल्याकडच्या जंगलातला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, लाठ्या त्याच्याच होतात. सावलीत चांगला वाळवलेला, बारीक पेरांचा बांबू घ्या. त्याचा बाक कार्बनच्या ब्लँकपेक्षा दसपट असतो, म्हणून बाकाची दिशा शोधण्याचं काम इथे पहिलं. गाइडचा पाय पेराच्या गाठीवर कधीच ठेवू नका, तो डुगडुगेल. दोन गाठींच्या मधे ठेवा, मग अंतरं कागदावरच्या गणितापेक्षा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल. बांबूवर गाइड अगदी एका सुतात येत नाहीत. येऊ द्यायचा हट्टही करू नका. सरळ दिसण्यापेक्षा तंगूस मोकळा जातोय का ते बघा.

फ्लाय रॉडवरही, म्हणजे खोट्या माशीच्या गळाने मासे धरायच्या रॉडवरही, असंच?

तत्त्व तेच. कड्यांऐवजी वाकवलेल्या तारेचे स्नेक गाइड असतात, त्यांना मध्य दिसत नाही, म्हणून दोन्ही पायांची टोकं एका रेषेत आणायची. मी असे दोनच रॉड बांधलेत, यापुढे जास्त सांगणं आगाऊपणा होईल.

ब्लँक आणि गाइड नागपुरात मिळतात का?

मी ब्लँक, गाइड आणि रॉडची इपॉक्सी ऑनलाइन मागवतो. ब्लँक पाइपमध्ये पॅक करून पाठवायला सांगा, आणि कुरिअरवाल्यासमोरच उघडून टोक बघा. मास्किंग टेप, कानस, पॉलिश पेपर, ब्लेड, सिरिंज हे सगळं गल्लीत मिळतं.

इपॉक्सी सुकली आणि आता एक गाइड वाकडा दिसतोय. काढू का?

दोन-तीन अंश असेल तर काढू नका. आठ दिवस रॉड वापरा. त्यानंतरही तोच गाइड छळत असेल तर मग बघा.

काढायचाच असेल तर नवं ब्लेड घ्या आणि गुंडाळी पायाच्या बरोबर वर, लांबीच्या दिशेने कापा. ब्लेड खाली धातूला लागलं पाहिजे. ब्लँकवर कधीही कापायचं नाही, एक ओरखडा पुरतो आणि रॉड संपतो. हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली की इपॉक्सी मऊ होते, दोरा पापुद्र्यासारखा सोलून निघतो. उरलेले तुकडे नखाने काढा, ब्लेडने नाही. गाइडचा पाय पुन्हा साफ करा, रील लावा, खोकी मांडा आणि शेजारच्या पोराला हाक मारा.